रेंडेल हॅरिस: ओळी मोजणारा पोथीशोधक

सिद्धार्थाला म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी दिसला ही गोष्ट नागपुरात कुणाला सांगावी लागत नाही. बाबासाहेबांनी ती अमान्य केली आणि गृहत्यागाचं कारण शाक्य-कोलियांच्या रोहिणीच्या पाण्यावरून झालेल्या वादात दाखवलं, हेही इथल्या वाचकाला ठाऊक असतं. पण राजपुत्राची ही गोष्ट अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन अशी मजल दरमजल करत युरोपात पोचली आणि तिथे शतकानुशतकं एका ख्रिस्ती संताचं चरित्र म्हणून वाचली गेली, हे तितकंसं माहीत नसतं. अरबीतला 'बूदासफ' म्हणजे बोधिसत्त्व. ग्रीकमध्ये तो योआसाफ झाला, लॅटिनमध्ये जोसाफात. रोमन चर्चच्या जुन्या संतनामावलीत २७ नोव्हेंबर हा त्याचा आणि त्याचा गुरू बारलाम याचा दिवस होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच आपल्या कान्हेरीच्या लेण्यांबद्दल लिहिताना बुद्ध आणि जोसाफात यांच्यातलं साम्य नोंदवलं होतं.

याच कथेच्या पोटात दुसऱ्या शतकातलं एक ख्रिस्ती समर्थनपत्र, म्हणजे धर्माची बाजू मांडणारा लेख, जवळपास सगळं दडलेलं होतं. हजारो लोकांनी ते वाचलं, पण ओळखलं कुणी नाही. ते ओळखलं जाण्याची वाट ज्याने मोकळी केली तो जेम्स रेंडेल हॅरिस. आद्य ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकांत याच्यापेक्षा शिस्तीचे आणि सावध लोक झाले. पण पोथीकडे बघायचं कसं हे शिकायचं असेल तर हॅरिसइतका उपयोगी माणूस दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. महानुभावांच्या पोथ्यांवर किंवा वाकाटकांच्या ताम्रपटांवर काम करणाऱ्यांनी तर त्याला जरूर वाचावं. आपल्याकडे डॉ. वि. भि. कोलते आणि म. म. वा. वि. मिराशी यांनी नागपुरात बसून जे केलं, त्याच जातीचं हे काम आहे.

हॅरिसचा जन्म १८५२चा, इंग्लंडमधल्या प्लिमथचा. केंब्रिजला तो शिकला ते गणित. १८७४च्या गणिताच्या मानाच्या परीक्षेत तो तिसरा आला आणि क्लेअर कॉलेजचा फेलो झाला. १८८२ साली तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला. तिथे जिवंत प्राण्यांवर केल्या जाणाऱ्या प्रयोगांवर त्याने जाहीर टीका केली आणि त्यातून १८८५ साली त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याच सुमारास तो क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथात गेला आणि हॅवरफर्ड या क्वेकर कॉलेजात शिकवू लागला. १८९३ ते १९०३ तो केंब्रिजमध्ये प्राचीन लिपिविद्येचा अध्यापक होता.

गणितवाला पोथ्यांकडे कसा वळला याचं उत्तर त्याच्या पहिल्या मोठ्या विषयात आहे: स्तिखोमेट्री, म्हणजे ओळींची मोजणी. ग्रीक जगात लेखनिकाला मजुरी मिळायची ती ओळींवर. सम्राट डायोक्लेशियनच्या इ. स. ३०१च्या दरपत्रकात उत्तम अक्षराच्या १०० ओळींना २५ दिनार आणि दुय्यम अक्षराला २० दिनार असा भाव आहे. पण पानाची रुंदी पोथीगणिक वेगळी, मग ओळ कुठली धरायची? त्यासाठी होमरच्या वृत्ताची ओळ प्रमाण मानली गेली: उच्चारी अक्षरं १६, आणि लिपीतली चिन्हं साधारण ३४ ते ३८. या मापाला 'स्तिख' म्हणत आणि ग्रंथाच्या शेवटी एकूण स्तिख लिहून ठेवत. आपल्याकडच्या पोथ्यांच्या शेवटी 'ग्रंथसंख्या' असते, ती ३२ अक्षरांच्या अनुष्टुभाच्या मापाने. दोन स्तिख म्हणजे एक ग्रंथ, इतका सरळ हिशेब बसतो.

याचा उपयोग असा. समजा एका पोथीची १२ पानं शिल्लक आहेत. पानावर २५ ओळी, ओळीत सरासरी २४ चिन्हं, म्हणजे पानाला ६०० आणि एकूण ७२००. ३६ने भागलं की २०० स्तिख. आता शेवटी लेखनिकाने २३३ लिहिले असतील तर ३३ स्तिख कमी पडतात. ३३ गुणिले ३६ म्हणजे ११८८ चिन्हं, म्हणजेच जवळपास दोन पानं, एका पत्राच्या दोन बाजू. एक पत्र गहाळ आहे हे मजकूर न वाचताच कळलं. ते कुठून गळालं हे मग शिवणीवर आणि जुन्या पत्रांकांवर शोधायचं.

चुका होतात त्या तीन ठिकाणी. पहिली म्हणजे ख्रिस्ती लेखनिक देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द दोन-तीन चिन्हांत आखडून वर आडवी रेघ मारतात. ते पूर्ण शब्द धरून मोजले नाहीत तर हिशेब कमी भरतो. दुसरी म्हणजे ग्रीकमध्ये आकडेही अक्षरांनीच लिहितात, त्यामुळे एक चिन्ह चुकलं तर शंभराचा फरक पडू शकतो. तिसरी सगळ्यांत फसवी. लेखनिक शेवटचा आकडा पुष्कळदा समोरच्या मातृकेतून, म्हणजे ज्या पोथीवरून नक्कल करतो तिच्यातून, जसाच्या तसा उतरवतो, त्याच्या स्वतःच्या नकलेत चार ओळी सुटल्या असल्या तरी. म्हणजे तो आकडा हातातल्या पोथीचा नसून तिच्या आईचा असतो. ग्रंथसंख्या मोजणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

१८८९ साली हॅरिस सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीनच्या मठात पोचला. तिथे सिरियॅक, म्हणजे पश्चिम आशियातल्या ख्रिस्ती लोकांच्या अरामी बोलीतल्या, पोथ्या पाहताना सातव्या शतकातली एक पोथी त्याच्या हाती आली. तिच्यात नीतिपर लेखनाचा संग्रह होता. वाळवंटातल्या मुनींची चरित्रं होती, अगदी प्लूटार्कचा एक निबंधसुद्धा होता, आणि मध्ये अथेन्सच्या अरिस्तीदेस या तत्त्वज्ञाने सम्राटापुढे मांडलेलं ख्रिस्ती लोकांचं समर्थन. या समर्थनाचं नाव चौथ्या शतकातल्या युसेबियसच्या इतिहासामुळे माहीत होतं, मजकूर मात्र हरवला होता. १८७८ साली व्हेनिसच्या अर्मेनियन मठातल्या साधूंनी सुरुवातीचा एक तुकडा अर्मेनियन भाषेत छापला, तेव्हा रनाँसारख्या मोठ्या फ्रेंच विद्वानाने त्यावर अविश्वास दाखवला. येशूची आई मारिया हिला 'देवमाता' म्हणणारी परिभाषा दुसऱ्या शतकात शक्य नाही, हा त्याचा मुद्दा होता. हॅरिसच्या सिरियॅक पोथीत ते पदच नाही. म्हणजे रनाँची शंका बरोबर होती, पण दोष अर्मेनियन अनुवादकाच्या भरीचा होता, मूळ ग्रंथाचा नव्हता.

हॅरिसचं भाषांतर छापखान्यात असताना त्याची मुद्रितं आर्मिटेज रॉबिन्सन या केंब्रिजच्या अभ्यासकाने वाचली. थोड्याच दिवसांनी रॉबिन्सन व्हिएन्नात दुसरीच एक पोथी शोधत संतचरित्रांची लॅटिन बाडं चाळत होता. ती पोथी मिळाली नाही. पण बारलाम-जोसाफातच्या कथेतला एक उतारा वाचताना त्याला वाटलं की हे बोलणं तर नुकतंच वाचलंय. ग्रीक कथा काढून पाहिली, तर अरिस्तीदेसचं समर्थन तिथे मूळ ग्रीकमध्ये उभं होतं.

कथेत ते येतं तो प्रसंग नाट्यमय आहे. राजपुत्राला ख्रिस्ती धर्मापासून परावृत्त करायला राजा जाहीर वादसभा भरवतो. बारलामसारखा दिसणारा नाखोर नावाचा ज्योतिषी बारलाम बनून उभा राहणार आणि मुद्दाम हरणार, असा बेत असतो. राजपुत्र ते ओळखतो आणि हरलास तर तुझी जीभ नि काळीज उपटून कुत्र्यांना घालीन अशी धमकी देतो. घाबरलेला नाखोर तोंड उघडतो आणि ख्रिस्ती धर्माची बाजू खणखणीत मांडतो. त्याच्या तोंडी जे भाषण आहे ते अरिस्तीदेसचं. कथाकाराला जुनं, तयार, राजालाच उद्देशून केलेलं भाषण मिळालं आणि त्याने ते उचललं. संबोधनसुद्धा बदलावं लागलं नाही.

आता तीन साक्षी झाल्या: सिरियॅक, अर्मेनियन तुकडा आणि कथेतलं ग्रीक. मूळ कोणतं? ग्रीक ही मूळ भाषा, म्हणून कथेतला पाठ खरा, असं चटकन वाटतं. इथेच बरेच जण घसरतात. सिरियॅक पाठ ग्रीकच्या दीडपट आहे. सिरियॅक आणि अर्मेनियन दोन्हींत मानवजातीचे चार वर्ग आहेत: बर्बर (ग्रीकेतर लोक), ग्रीक, यहुदी, ख्रिस्ती. कथेतल्या ग्रीकमध्ये तीनच: मूर्तिपूजक, यहुदी, ख्रिस्ती, आणि मूर्तिपूजकांचे पोटभेद खाल्डी (बाबिलोनचे लोक), ग्रीक, इजिप्शियन. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन साक्षी जिथे जुळतात तिथे तिसरीने बदल केला असण्याचा संभव जास्त. शिवाय अथेन्सचा ग्रीक माणूस जगाची विभागणी ग्रीक आणि बर्बर अशीच करणार. पूर्वेकडच्या राजाच्या दरबारात घडणाऱ्या कथेत मात्र बर्बर शोभत नाहीत, खाल्डी शोभतात. बदलाचं कारण दाखवता आलं की बदल कुणी केला हे जवळपास सिद्ध होतं.

समर्थनाचा पंधरावा अध्याय तर दोन्हीकडे समोरासमोर ठेवून वाचण्यासारखा आहे. सिरियॅकमध्ये लिहिलंय की ख्रिस्ती लोकांत कुणी गरीब असला आणि इतरांकडे वाढीव काही नसलं, तर ते दोन-तीन दिवस उपास करतात आणि वाचलेलं अन्न त्याला देतात. कथेतल्या ग्रीकमध्ये हे वाक्य नाही. कथाकाराने तो भाग आवळून घेतलाय. दुसऱ्या शतकातल्या एका लहान, संशयित समाजाचं रोजचं जगणं दाखवणारी ही ओळ आहे, आणि ती एका सिरियॅक अनुवादामुळे आपल्यापर्यंत आली.

पुढे इजिप्तच्या वाळूतून ग्रीक कपट्यांचे दोन तुकडे मिळाले आणि १९२२-२३मध्ये छापले गेले. त्यांच्यावरून कळलं की दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. शब्द जिथे टिकलेत तिथे कथेतलं ग्रीक उपयोगी, पण विस्तार आणि क्रम यांबाबत सिरियॅकला सहज बाजूला सारता येत नाही.

मथळ्याचा घोळही पाहण्यासारखा आहे. युसेबियस म्हणतो की समर्थन रोमन सम्राट हेड्रियनला दिलं. सिरियॅक पोथीत वर हेड्रियन आहे, पण खालच्या ओळीत 'तितुस हेड्रियानुस अंतोनिनुस' असं लांबलचक नाव आहे, म्हणजे हेड्रियनचा दत्तकपुत्र अंतोनिनुस पायस. दत्तक गेल्यामुळे बापाचं नाव त्याच्या नावात आलं होतं, आणि घाईने वाचणाऱ्याची नजर पहिल्या ओळखीच्या नावावर थांबली. हॅरिसने अंतोनिनुसच्या बाजूने कौल दिला. वाकाटकांचे दोन प्रवरसेन आणि दोन रुद्रसेन वेगळे करताना ज्यांचा कस लागलाय त्यांना यातली अडचण लगेच कळेल.

हॅरिसच्या स्वभावातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. सापडलेलं तो दडवून ठेवत नसे. सिनाईच्या मठात एका अंधाऱ्या खोलीत सिरियॅक पोथ्यांच्या पेट्या आहेत हे त्याने ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींना सांगितलं, आणि पोथीचे फोटो कसे घ्यायचे ते शिकवलं. १८९२ साली त्या बहिणी गेल्या. ॲग्नेसने एका मळकट पोथीची चिकटलेली पानं किटलीच्या वाफेवर धरून सोडवली. वरचा मजकूर संत स्त्रियांच्या चरित्रांचा होता, पण ओळींमधून दुसरंच अक्षर डोकावत होतं. ती खरवडून पुन्हा लिहिलेली पोथी होती, आणि खालचा मजकूर सिरियॅकमधल्या चार शुभवर्तमानांचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांचा, आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या पाठांपैकी एक. फोटोंवरून तो केंब्रिजच्या बर्किटने ओळखला. १८९३ साली बेन्स्ली, बर्किट आणि हॅरिस यांनी मठात चाळीस दिवस पाळीपाळीने बसून तो उतरवला. त्यात मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर संपतं, पुढची बारा वचनं नाहीत.

असं पान वाचायचं काम कसं चालतं ते थोडक्यात. कातड्याच्या पानावरची शाई खरवडली तरी लोखंड आणि मायफळाच्या शाईचा अंश तंतूंत उरतो. पान तिरप्या उजेडात धरायचं, आधी वरच्या लेखनाच्या ओळी कुठे जातात ते आखून घ्यायचं, आणि मग मधल्या जागांतली खालची चिन्हं टिपायची. समासात वरचं लेखन नसतं, म्हणून सुरुवात समासापासून करायची. तिथे एखादा शब्द पक्का लागला की परिच्छेद ओळखता येतो. धोकाही तिथेच असतो. परिच्छेद ओळखीचा निघाला की डोळा पाठ असलेला मजकूर वाचायला लागतो, आणि ज्या पाठभेदासाठी एवढा खटाटोप केला तोच नजरेतून सुटतो. म्हणून संदिग्ध चिन्ह टिंब देऊन लिहायचं आणि दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यायचं. त्या काळी फिकट शाई उठवायला अमोनियाचं एक उग्र वासाचं गंधकयुक्त रसायन ब्रशने लावत. ॲग्नेसनेही ते वापरलं. अक्षर उठून दिसतं, पण पोथीवर रसायन लावणं हा तिच्यावरचा आघातच असतो. मायफळाचा अर्क लावलेली पानं तर काळपट पडून कायमची वाया गेलेली आहेत. २०११पासून सिनाईच्या अशा पोथ्यांचे वेगवेगळ्या तरंगलांबीच्या उजेडात फोटो घेतले गेले, आणि पानाला काहीही न लावता खालची लेखनं वाचता आली. ज्या ताम्रपटावर जुना लेख ठोकून बुजवून नवा कोरलाय, त्याच्या बाबतीतही तिरपा उजेड हाच पहिला उपाय.

१९०३ साली हॅरिसला नेदरलंड्समधल्या लायडन विद्यापीठाचं प्राध्यापकपद देऊ केलं होतं. ते सोडून तो बर्मिंगहॅमजवळच्या वुडब्रुक या नव्या क्वेकर अभ्यासकेंद्राचा प्रमुख झाला. तिथे असतानाच, १९०९च्या जानेवारीत, त्याने स्वतःच्याच संग्रहात पडून असलेली टायग्रिस नदीच्या परिसरातून आलेली एक सिरियॅक पोथी नीट वाचायला घेतली. कागदी पोथी, फार तर तीन-चारशे वर्षांची. तिच्याकडे पहिल्यांदा दुर्लक्ष व्हावं अशीच. आत निघाली 'सॉलोमनची गीतं', आद्य ख्रिस्ती समाजाचं सर्वांत जुनं ज्ञात गीतभांडार. एकूण ४२ गीतं. पोथीचा आरंभ फाटलेला असल्यामुळे पहिली दोन आणि तिसऱ्याचा आरंभ नाही. ओळख कशी पटली? यातली पाच गीतं 'पिस्तिस सोफिया' या कॉप्टिक (इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेतल्या) ग्रंथात अवतरणं म्हणून आली होती, आणि एक ओळ लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने लॅटिनमध्ये दिली होती. हॅरिसच्या डोक्यात ती होती म्हणून पोथी बोलली. पोथीचं वय आणि पाठाचं वय यांची गल्लत करू नये याचं इतकं स्पष्ट उदाहरण विरळा. कागद सोळाव्या शतकाच्या आसपासचा, गीतं बहुतेक अभ्यासकांच्या मते दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. पहिलं गीत कॉप्टिकमधून मिळालं, दुसरं अजून मिळालेलं नाही.

त्याचा सर्वांत वादग्रस्त सिद्धान्त 'साक्षींच्या पुस्तका'चा. १९१६ आणि १९२० साली दोन भागांत त्याने मांडलं की शुभवर्तमानं लिहिली जाण्याआधीच ख्रिस्ती प्रचारकांकडे बायबलच्या जुन्या करारातल्या निवडक वचनांचं एक संकलन असावं. पुरावा चुकांचा आहे. मार्कच्या सुरुवातीलाच मलाखी आणि यशया या संदेष्ट्यांची वचनं जोडून यशयाच्या एकट्याच्या नावावर दिली आहेत. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन जुन्या करारातल्या गणनेच्या पुस्तकातला याकोबाच्या ताऱ्याचा उल्लेख यशयाला चिकटवतो. मूळ ग्रंथ समोर ठेवणारा माणूस अशी चूक सहसा करत नाही. कीर्तनकाराच्या बाडातून अभंग उचलणारा करतो. बाडात एकाखाली एक अभंग लिहिलेले असतात, नाव एकाचंच वर असतं, आणि विष्णुदास नामाची रचना संत नामदेवांच्या गाथ्यात जाऊन बसते. हॅरिसचं इथपर्यंतचं म्हणणं पटतं. पण पुढे तो म्हणतो की हे एकच पुस्तक होतं, ते पाच भागांचं होतं आणि त्याचा कर्ता प्रेषित मत्तय. याला पुरेसा आधार नाही, आणि १९५२ साली सी. एच. डॉड या ब्रिटिश अभ्यासकाने त्याच्या मुळावरच घाव घातला. त्याच सुमारास मृत समुद्राकाठच्या कुम्रानच्या चौथ्या गुहेत ख्रिस्तपूर्व यहुद्यांनी केलेला अशा वचनांचा एक संग्रह मिळाला. बाडं होती, पण अनेक होती, असं म्हणणं आज सुरक्षित वाटतं.

जुळ्यांच्या पूजेवरचं त्याचं लेखन मी कुणाला आधी वाचायला सांगणार नाही. ग्रीकांचे दिओस्कुरी, आपले अश्विनीकुमार, प्रेषित थोमा, अनेक संतांच्या जोड्या, सगळीकडे त्याला एकच जुनी जुळी दैवतं दिसू लागली. माहिती अफाट आहे, पण नावांच्या साम्यावर फार भार टाकलाय. भारतात येण्याची मात्र त्याची खरी धडपड होती. १९१६ साली तो इकडे निघाला तेव्हा भूमध्य समुद्रात त्याचं जहाज पाणबुडीने बुडवलं. इजिप्तला थांबून तो परत निघाला, तेव्हा भारतातून परतणारा त्याचा मित्र, ग्रीक व्याकरणकार जेम्स मोल्टन बरोबर होता. एप्रिल १९१७मध्ये तेही जहाज बुडालं. मोल्टन जीवरक्षक होडीत दगावला, पासष्टीतला हॅरिस वाचला.

१९१८ ते १९२५ तो मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात हस्तलिखितांचा प्रमुख होता. इराकमधून आलेल्या आल्फोन्स मिंगाना या सिरियॅक विद्वानाला त्यानेच वुडब्रुकला आसरा दिला होता, आणि त्या दोघांनी सॉलोमनच्या गीतांची मोठी आवृत्ती काढली. १ मार्च १९४१ला हॅरिस गेला.

वाचायला सुरुवात करायची तर अरिस्तीदेसपासून करा. १८९१ची आवृत्ती स्वामित्वहक्काबाहेर आहे आणि स्कॅन करून जालावर ठेवलेली आहे. तिच्यात हॅरिसची प्रस्तावना, सिरियॅक पाठ आणि इंग्रजी भाषांतर आहे, आणि शेवटी रॉबिन्सनने काढलेला ग्रीक पाठ. सिरियॅक येत नसेल तरी चालेल. एका कागदाचे दोन रकाने करून पंधराव्या अध्यायाचं दोन्ही बाजूंचं भाषांतर वाक्यावाक्याने समोरासमोर लिहा, आणि जिथे एका बाजूला जागा रिकामी राहील तिथे ती रिकामीच ठेवा.